रक्तांश पन्नास टक्के : थंडर बे ते मिनियापोलिस

ती अनिशिनाबे, म्हणजे सुपीरियर सरोवराच्या परिसरातल्या मूलनिवासी समाजातली. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात, थंडर बेच्या परिसरातल्या एका फर्स्ट नेशनची (सरकारमान्य मूलनिवासी समुदायाची) सदस्य. तो नाशिकचा, मिनियापोलिसमध्ये एच-१बीवर सॉफ्टवेअरच्या नोकरीत. मधे सुमारे साडेपाचशे किलोमीटरचा रस्ता, सुपीरियर सरोवराचा लांबलचक किनारा आणि पिजन नदीवरचा सीमानाका. तीन वर्षे झाली, भेटी आळीपाळीने होतात. आता लग्न करून एकत्र राहायचे आहे. कुठे आणि कोणत्या कागदावर, एवढाच प्रश्न.

ही कुणा एका जोडप्याची हकीकत नाही. अशा प्रकरणांत पुन्हा पुन्हा येणारे तपशील एकत्र करून हे प्रकरण रचले आहे. कलमे, निकाल आणि शुल्क मात्र खरे आहेत. शुल्क व व्हिसाच्या तारखा बदलत राहतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी त्या पुन्हा पाहाव्यात.

तिची माहिती अशी : जन्म १९९४ चा, थंडर बेमधला. कॅनडाची नागरिक. इंडियन ॲक्ट या कॅनडाच्या मूलनिवासींविषयीच्या कायद्याखाली नोंद झालेली, जवळ त्या नोंदीचे स्टेटस कार्ड. काम हिशेबनीसाचे. २०१३ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, सहा ग्रॅम गांजा जवळ सापडला म्हणून दोषी ठरली आणि दंड झाला. त्याची माहिती : भारतीय नागरिक, मालकाने ग्रीन कार्डासाठी ईबी-२ या नोकरीच्या वर्गात केलेला आय-१४० अर्ज मंजूर, रांगेतली प्राधान्य तारीख मार्च २०२१. ग्रीन कार्ड नाही.

दोघांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "लग्न केले की तिला एच-४ मिळेल ना?" मिनियापोलिसमधले त्याचे मराठी मित्रही हेच सुचवतात, कारण त्यांच्या घरी तेच झालेले असते. पण एच-४ म्हणजे तिच्या हातात जे आहे ते खाली ठेवून कमी किमतीचे काहीतरी उचलणे. एच-४ हा एच-१बीधारकाच्या जोडीदाराचा व्हिसा, नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला. कामासाठी वेगळा परवाना मागावा लागतो आणि तो यायला महिने जातात. शिवाय एच-४ वर येणाऱ्याला प्रवेशबंदीची सगळी कलमे लागू होतात. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर असला तरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात २०१३ ची ती शिक्षा जिवंतच आहे. कॅनडाने दिलेली माफी किंवा नोंद निलंबन अमेरिकेचे इमिग्रेशन खाते मानत नाही. म्हणजे एच-४ साठी आधी आय-१९२ फॉर्मवर प्रवेशबंदीतून सवलत मागा, त्याचे १,१०० डॉलर भरा आणि वाट पाहा.

तिच्याकडे याहून जुना हक्क आहे.

हक्क कुठून आला

१९ नोव्हेंबर १७९४ च्या 'जे' (Jay) तहाच्या तिसऱ्या कलमात ब्रिटन आणि अमेरिका यांनी मान्य केले, की सीमेच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या मूलनिवासींनी मोकळेपणाने ये-जा करावी. ही रेघ त्यांच्या देशातून नंतर ओढली गेली होती. पिजन नदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे, मिनेसोटातल्या ग्रँड पोर्टेजचे अनिशिनाबे एकमेकांचे सोयरे. १९२४ च्या इमिग्रेशन कायद्याने हा हक्क गोठल्यासारखा झाला आणि कॅनडातल्या कानावाकेचा, मोहॉक जमातीचा लोखंडकामगार पॉल डायाबो याला फिलाडेल्फियात अटक झाली. १९२७ मध्ये तो न्यायालयात जिंकला, १९२८ मध्ये अपिलातही टिकला. त्याच वर्षी २ एप्रिलला काँग्रेसने कायदा करून कॅनडात जन्मलेल्या मूलनिवासींचा हक्क लेखी मान्य केला.

पुढे १९५२ चा इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी ॲक्ट आला आणि त्याच्या कलम २८९ मध्ये एक अट घुसली : हा हक्क ज्यांच्यात किमान पन्नास टक्के 'अमेरिकन इंडियन वंशाचे रक्त' आहे त्यांनाच. तहात असे काही नव्हते. माणसाचे नाते टक्केवारीत मोजणे अनिशिनाबे रीतीत बसत नाही आणि ते अपमानकारक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण नाक्यावर हीच अट विचारतात, म्हणून पुढचा अर्धा लेख तिच्याभोवतीच फिरतो. या टक्केवारीला आपण 'रक्तांश' म्हणू.

अट पूर्ण झाली की मिळते ते मोठे आहे. व्हिसा नको. काम, शिक्षण, वास्तव्य यांना वेगळी परवानगी नको. प्रायोजक नको, उत्पन्नाचे हमीपत्र नको. १९७८ च्या येलोक्विल प्रकरणात इमिग्रेशन अपील मंडळाने ठरवले, की अशा व्यक्तीला हद्दपारीची कलमे लावता येत नाहीत. प्रवेशबंदीचेही तेच. म्हणजे २०१३ च्या त्या सहा ग्रॅमचा येथे अडथळा नाही. मात्र हा हक्क तिच्यापुरताच आहे. नियम २८९.१ सरळ सांगतो की नवरा, बायको, मूल किंवा दत्तक घेऊन झालेला सदस्य यांना तो मिळत नाही, त्यांचा स्वतःचा रक्तांश पन्नास टक्के असल्याशिवाय.

स्टेटस कार्ड पुरत नाही, ते का

इथे सगळ्यात जास्त लोक अडतात. कार्ड कॅनडा सरकारचे, त्यावर फोटो, नोंदणी क्रमांक. मग आणखी काय हवे? हवे असते ते कार्डावर नसते. कार्ड सांगते की ही व्यक्ती इंडियन ॲक्टखाली नोंदलेली आहे. रक्तांशाबद्दल ते काहीच सांगत नाही. आणि कॅनडाची नोंदवही रक्ताने नव्हे, बराच काळ लग्नाने चालली.

१७ एप्रिल १९८५ पूर्वीचा नियम असा होता : मूलनिवासी पुरुषाशी लग्न करणाऱ्या गोऱ्या बाईला स्टेटस मिळायचे आणि बाहेरच्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या मूलनिवासी बाईचे स्टेटस जायचे, तिच्या मुलांचेही. सँड्रा लव्हलेस हिने हे संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपुढे नेले आणि १९८१ मध्ये समितीने कॅनडाला दोषी धरले. १९८५ च्या बिल सी-३१ ने हे दुरुस्त करायला सुरुवात केली. पण जुन्या नोंदी जशा झाल्या तशाच राहिल्या.

आता तिचे घराणे पाहा. वडिलांचे वडील पूर्ण अनिशिनाबे. वडिलांची आई फिनलंडहून आलेल्या कुटुंबातली, लग्नाने स्टेटस मिळालेली. नोंदवहीत दोघेही इंडियन, पण वडिलांचा रक्तांश निम्मा. आईकडे उलटे : आईची आई पूर्ण अनिशिनाबे, १९६२ मध्ये बाहेरच्या माणसाशी लग्न केले आणि नोंदवहीतून नाव गेले. आईचे वडील बाहेरचे. आईची नोंद १९८५ नंतर झाली, रक्तांश निम्मा. आई आणि वडील दोघेही नोंदणीला पात्र म्हणून तिची नोंद इंडियन ॲक्टच्या कलम ६(१)(एफ) खाली, अगदी भक्कम. रक्तांशाचा हिशेब मात्र असा : वडिलांकडून पंचवीस, आईकडून पंचवीस, एकूण बरोबर पन्नास. काठावर.

म्हणजे सगळा भार दोन माणसांवर येतो : वडिलांचे वडील आणि आईची आई. हे दोघे पूर्ण असल्याचे सिद्ध झाले तर काम झाले. त्यातल्या एकाचे आई किंवा वडील निम्मे निघाले, तर तो पाऊणावर येतो आणि तिचा हिशेब ४३.७५ टक्क्यांवर घसरतो. मग कलम २८९ बंद. म्हणून नोकरीचा राजीनामा, घर सोडणे, लग्नाची तारीख, या कशालाही हात लावण्याआधी हा हिशेब कागदावर उभा करायचा.

कागद असे जमवायचे. ऑन्टॅरिओत जन्माचा दाखला दोन तऱ्हांचा असतो. छोटा २५ डॉलरचा, त्यावर आईवडिलांची नावे असतीलच असे नाही. हवी ती जन्मनोंदणीची प्रमाणित प्रत, ३५ डॉलरची. तिची, आईची, वडिलांची आणि मिळाल्या तर आजी-आजोबांचीही. १०४ वर्षांहून जुन्या जन्मनोंदी प्रांताच्या अभिलेखागारात जातात, तिथे वेगळी मागणी करावी लागते. ओटावातल्या इंडियन रजिस्ट्रारकडून वंशावळीची माहिती लेखी मागवायची आणि पत्रात स्पष्ट लिहायचे, की कोणत्या आजी-आजोबाची नोंद जन्माने आहे आणि कोणाची लग्नाने, हे दाखवून द्या. आईच्या आईची १९६२ ची वगळल्याची नोंद फार मोलाची असते. ज्या कागदाने तिचे स्टेटस काढून घेतले, तोच आज ती त्याआधी बँडची, म्हणजे फर्स्ट नेशनची, सदस्य होती हे सिद्ध करतो.

याहून मागे जायचे असेल तर १८५० च्या रॉबिन्सन-सुपीरियर तहाच्या वार्षिक रकमेच्या याद्या आहेत. माणशी चार डॉलर वाटताना कुटुंबप्रमुखाचे नाव आणि माणसांची संख्या लिहिली जायची. मिशनच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीही चालतात. एक सूचना : नावांची वर्तनी पिढीगणिक बदललेली असते. पाद्र्याने फ्रेंच उच्चाराने लिहिले, कारकुनाने इंग्रजी. एकाच आजोबाची तीन नावे असतील तर बँडच्या पत्रातच 'ही तिन्ही नावे एकाच व्यक्तीची' असे वाक्य घालून घ्यावे, नाहीतर सीमेवरचा अधिकारी तीन माणसे मोजतो.

मग बँड कार्यालयाचे पत्र. बहुतेक बँड रक्तांशाची नोंद ठेवत नाहीत आणि ठेवायला तयारही नसतात. सदस्यत्वाच्या कारकुनाकडे नुसते जाऊन "मला जे तहाचे पत्र द्या" म्हटले तर "ही व्यक्ती आमची सदस्य आहे" एवढेच पत्र मिळते आणि ते नाक्यावर परत येते. आपणच वंशवृक्ष काढून, प्रत्येक नावाला कागद जोडून न्यावा. पत्र अधिकृत लेटरहेडवर हवे, सही आणि पद हवे आणि मजकुरात टक्क्याचा आकडा हवा : "आमच्या नोंदींनुसार सदर व्यक्तीचा अमेरिकन इंडियन रक्तांश किमान ५० टक्के आहे." खाली आधार : अमुक आजोबा पूर्ण, तमुक आजी पूर्ण. आईचा बँड वेगळा असेल तर दोन पत्रे, कारण एका बँडला दुसऱ्याच्या माणसांबद्दल लिहिता येत नाही. घाई नको. दोन-तीन महिने धरून चालावे.

दत्तक गेलेल्यांसाठी एक गोष्ट. साठच्या दशकापासून हजारो मूलनिवासी मुले घरांतून उचलून बाहेरच्या कुटुंबांत दिली गेली. दत्तकाने रक्तांश मिळत नाही, तसा तो जातही नाही. जन्मदात्यांची नोंद उघडून घेता आली तर त्या व्यक्तीचा हक्क शाबूत आहे.

सीमानाक्यावर जाण्याआधी

कागद हातात आले की कुणालाही लगेच निघावेसे वाटते. इथे थांबायला हवे, कारण या प्रकरणातला सगळ्यात महाग निर्णय नाक्याच्या अलीकडे घ्यायचा आहे आणि तो तिच्याबद्दल नसून त्याच्याबद्दल आहे.

ग्रीन कार्डाची रांग नागरिकत्वाने नव्हे, जन्मदेशाने ठरते. २०२५ च्या अखेरीस ईबी-२ मध्ये भारताची तारीख २०१३ च्या आसपास रेंगाळत होती. कॅनडासह उरलेल्या जगाची तारीख २०२३ च्या शेवटाशी होती. त्याची तारीख मार्च २०२१. भारताच्या रांगेत त्याच्यापुढे आठ वर्षांची गर्दी, कॅनडाच्या रांगेत त्याचा नंबर केव्हाच लागलेला. आणि कायद्याच्या कलम २०२(बी) मध्ये सोय आहे : नवरा-बायकोची ताटातूट टाळण्यासाठी एकाला दुसऱ्याच्या जन्मदेशाच्या रांगेत उभे राहता येते. बायको कॅनडात जन्मलेली, तर भारतीय नवरा कॅनडाच्या रांगेत. बाहेरच्या देशात जन्मलेल्या जोडीदारामुळे भारतीयांना मिळणारी ही सवलत आपल्या लोकांना कमी माहीत आहे.

पण अट आहे. ती त्याच्या अर्जावर अवलंबित पत्नी म्हणून, त्याच्यासोबतच, स्वतःचा आय-४८५ (ग्रीन कार्डाचा अर्ज) भरणार आणि दोन्ही अर्ज एकाच वेळी मंजूर होणार. तिने आधीच कलम २८९ खाली कायमच्या रहिवासाची (म्हणजे ग्रीन कार्डाची) नोंद करून घेतली, तर ती पुन्हा अवलंबित होऊ शकत नाही आणि त्याच्या हातून कॅनडाची रांग निसटते. तिचा हक्क वापरण्याची घाई त्याला भारतात जन्मल्याची पुरी किंमत मोजायला लावते.

तिच्यावर २०१३ चा दोष नसता तर आमचा सल्ला सरळ होता : लग्न करा, तिने एच-४ वर या, दोघांनी एकदम आय-४८५ भरा, माणशी १,४४० डॉलर. कलम २८९ राखून ठेवा, ते कुठे जात नाही.

दोष आहे, म्हणून हिशेब फिरतो. अवलंबित पत्नी म्हणून आय-४८५ भरला की अमली पदार्थांचे कलम लागू होते. सवलत आहे ती २१२(एच) खाली, फक्त एकदाच आणि तीस ग्रॅमपर्यंतचा गांजा स्वतःच्या वापरासाठी बाळगल्यास. सहा ग्रॅम त्यात बसतात. पण ती मागायला एकतर घटनेला पंधरा वर्षे झालेली हवीत, म्हणजे २०२८, नाहीतर अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असलेल्या जोडीदाराला, आईवडिलांना किंवा मुलाला अतोनात त्रास होईल हे दाखवावे लागते. त्याच्याकडे आज ग्रीन कार्ड नाही. शिवाय तिचा अर्ज अडला की त्याचाही अडतो.

दुसरी वाट : ती कलम २८९ वर येते, कायमच्या रहिवासाची नोंद करते आणि लग्नानंतर त्याच्यासाठी आय-१३० हा नातेवाइकासाठीचा फॉर्म भरते. वर्ग एफ-२ए, म्हणजे कायमच्या रहिवाशाचा जोडीदार. शुल्क कागदावर ६७५, ऑनलाइन ६२५ डॉलर. या वर्गातले पंचाहत्तर टक्के व्हिसा देशवार मर्यादेबाहेर असल्यामुळे भारतीयाला सहसा जगाचीच तारीख लागू होते. २०२५ च्या अखेरीस ही रांग दोनेक वर्षांची होती, कधी तीन-चारही होते. ईबी-२ ची २०२१ ची तारीख इथे लावता येत नाही. आय-१३० ज्या दिवशी पोचेल तो दिवस त्याचा नंबर. म्हणून हा फॉर्म नोंद झाल्याच्या आठवड्यातच जायला हवा. पाच वर्षांनी ती नागरिक झाली की तो जवळचा नातेवाईक ठरतो आणि रांगच उरत नाही.

दोन वाटा वेळेच्या दृष्टीने आसपासच येतात. पण दुसऱ्या वाटेत ती पहिल्या दिवसापासून मिनियापोलिसमध्ये राहते, कमावते आणि सवलतीचा जुगार खेळावा लागत नाही. तीन वर्षे दोन टोकांना काढलेल्या जोडप्यासाठी आम्ही हीच वाट निवडली. त्याने आय-१४० मात्र जपायचा. एच-१बीची सहा वर्षांनंतरची मुदतवाढ त्यावरच उभी आहे आणि एफ-२ए मध्ये त्याला शेवटपर्यंत वैध दर्जात राहावे लागेल. नोकरी गेली तर साठ दिवसांची सवलत आहे. तिचे कार्ड त्याला त्या काळात छत्र देत नाही.

पिजन नदीवर

मूळ कागद, प्रतींचे दोन संच, पासपोर्ट, स्टेटस कार्ड, दोन पासपोर्ट आकाराचे फोटो. सोमवार ते शुक्रवार, दिवसा, म्हणजे वरिष्ठ अधिकारी जागेवर असतात. थंडर बे आणि मिनेसोटा यांच्या घड्याळात तासाचा फरक आहे, तोही धरावा.

पहिल्या खिडकीवरच सांगायचे : "मी कॅनडात जन्मलेली अमेरिकन इंडियन आहे, कलम २८९ खाली प्रवेश मागते आणि कायमच्या रहिवासाची नोंद करून घ्यायची आहे." हे वाक्य चुकवून "मित्राला भेटायला चालले आहे" म्हटले तर अधिकारी हात हलवून सोडून देतो. ती पाहुणी म्हणून आत जाते आणि नोंद होत नाही. त्याहून वाईट म्हणजे गाडीत सगळा संसार भरलेला आणि तोंडी भेटीचे कारण. खोटे सांगितल्याचा शेरा बसला की तो पुसायला वर्षे जातात.

आत, दुय्यम तपासणीत, कागद उघडले जातात. अधिकाऱ्याने हे कलम क्वचितच हाताळलेले असते. "तुम्हाला व्हिसा लागेल" असे उत्तर आले तर शांतपणे पर्यवेक्षकाला बोलवायला सांगावे आणि नियम २८९.१ ते २८९.३ ची छापील प्रत पुढे ठेवावी. प्रवेशाची मागणी मागे घेत असल्याच्या कागदावर सही करू नये. पुरावा अपुरा वाटला तर नेमका कोणता कागद हवा ते लिहून मागावे आणि परत फिरावे. त्याने हक्क जात नाही.

नाक्यावर नोंद झाली नाही तरी आत आल्यावर ती करता येते. यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या, संपर्क केंद्राला फोन करून 'कॅनडात जन्मलेली अमेरिकन इंडियन, क्रिएशन ऑफ रेकॉर्ड' या कारणासाठी स्थानिक कार्यालयात भेट मागायची. आय-४८५ भरायचा नाही. फोनवरचा माणूस तोच भरायला सांगतो, आणि तिच्या बाबतीत तो भरणे म्हणजे दोषाचे कलम स्वतःहून अंगावर ओढवणे. नोंद झाली की पासपोर्टवर कायमच्या रहिवासाचा तात्पुरता आय-५५१ ठप्पा, पुढे कार्ड. त्यावर वर्गाचा संकेत एस१३ आहे ना, ते पाहावे.

कार्डाची वाट पाहताना नोकरीचे काय? सोशल सिक्युरिटी कार्यालयात याच कागदांवर क्रमांक मागता येतो. कामावर रुजू होताना आय-९ फॉर्मसाठी कॅनडाचे स्टेटस कार्ड चालत नाही, कारण तिथे 'आदिवासी कागदपत्र' म्हणजे अमेरिकेने मान्य केलेल्या जमातीचेच. त्याऐवजी कॅनडाचा वाहन चालवण्याचा परवाना ओळखीसाठी आणि निर्बंधाची ओळ नसलेले सोशल सिक्युरिटी कार्ड कामाच्या हक्कासाठी, ही जोडी बरोबर बसते.

सामानाबद्दल थोडे. कलम २८९ माणसाला आहे, मालाला नाही. वर्षभर वापरलेले घरसामान फॉर्म ३२९९ वर विनाशुल्क येते. गाडीसाठी उत्सर्जनाचा ३५२०-१ आणि सुरक्षेचा एचएस-७ हे फॉर्म लागतात. गरुडाची पिसे असलेली पवित्र वस्तू नेत असाल तर दोन्ही देशांच्या वन्यजीव खात्यांची परवानगी आधी घ्यावी, ती नसताना जप्ती होऊ शकते. आजीकडून आलेली वस्तू नाक्यावर सोडून येणे फार लागते.

कॅनडाकडचे काही सुटते. ऑन्टॅरिओचा आरोग्य विमा टिकवायला वर्षात १५३ दिवस प्रांतात राहावे लागते आणि मूलनिवासींच्या पूरक आरोग्य लाभांसाठी कॅनडात वास्तव्य हवे. मूलनिवासींसाठी राखीव असलेल्या जमिनीवरच्या कमाईची करमाफी मिनियापोलिसच्या पगाराला नाही. अमेरिकेतला आरोग्य विमा तिने निघण्याआधीच ठरवून ठेवावा.

त्याने तिकडे जायचे ठरवले तर

ती कॅनडाची नागरिक आहे, म्हणून नवऱ्याला प्रायोजित करू शकते. किमान उत्पन्नाची अट नाही. एप्रिल २०२४ च्या दरांनी एकूण १,२०५ कॅनेडियन डॉलर, वर बोटांच्या ठशांचे ८५. जिथे सलग सहा महिने राहिला त्या प्रत्येक देशाचे पोलीस प्रमाणपत्र, म्हणजे भारताचे आणि एफबीआयचे. लग्नाशिवाय अर्ज करायचा तर बारा महिने एकत्र राहिल्याचा पुरावा हवा, तो यांच्याकडे नाही. 'काँज्युगल पार्टनर' हा वर्ग लग्न करणे किंवा एकत्र राहणे खरोखर अशक्य असणाऱ्यांसाठी आहे. यांना लग्न करता येते, म्हणून तो अर्ज फेटाळला जातो. कॅनडाचा कायमचा रहिवासी झाल्यावरही राखीव जमिनीवर राहण्याचा हक्क आपोआप येत नाही, तो बँडच्या नियमांवर आहे.

नोकरी जाण्याची भीती असेल तर हा अर्ज राखीव म्हणून बरा. पण दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज ठेवताना विधाने जुळली पाहिजेत. परदेशात राहणाऱ्या नागरिकाने कॅनडाला सांगावे लागते की नवऱ्याला मंजुरी मिळताच आम्ही परत येऊ. अमेरिकेच्या आय-८६४ हमीपत्रात तीच बाई म्हणते की माझे कायमचे घर मिनेसोटात आहे. दोन्ही फायलींवर एकाच महिन्याच्या सह्या असल्या तर कुठला तरी अधिकारी ते शोधतो. एक फाइल पुढे न्यावी, दुसरी खरी गरज पडल्यावरच उघडावी.

तोवर त्याच्या भेटींसाठी : भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा पर्यटक व्हिसा लागतो, एच-१बी असला तरी. परतताना पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा संपलेला असेल, पण आय-९४ ही प्रवेशाची नोंद वैध असेल आणि कॅनडातला मुक्काम तीस दिवसांच्या आत असेल, तर आपोआप पुनर्वैधतेच्या नियमाने आत येता येते. कॅनडात असताना नव्या व्हिसासाठी अर्ज केला की ही सोय संपते. "आलोच आहे तर स्टॅम्पिंगही करून घेतो" म्हणणारे इथेच अडकतात.

हीच गोष्ट उलट असती, ती ग्रँड पोर्टेजला जन्मलेली आणि जोडीदार थंडर बेचा, तर जे तहाचा उपयोग नव्हता. १९५६ च्या फ्रान्सिस खटल्यात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की कॅनडाने कायदा करून तो तह अमलात आणलेला नाही. सीमेवरच्या अक्वेसास्ने या मोहॉक वस्तीतल्या एका माणसाने आणलेले धुण्याचे यंत्र, फ्रिज आणि तेलाची शेगडी यांवरच्या जकातीवरून हे झाले. २०२१ च्या डेसोटेल निकालाने अमेरिकेत राहणाऱ्या सिनिक्स्ट जमातीच्या वंशजाला ब्रिटिश कोलंबियात शिकारीचा हक्क दिला, पण राहण्याचा प्रश्न त्याने सुटला नाही. इंडियन ॲक्टखाली नोंद असेल तर मात्र कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम १९ ने अमेरिकेत जन्मलेल्यालाही कॅनडात शिरण्याचा आणि राहण्याचा हक्क आहे. म्हणून सीमेच्या दक्षिणेकडल्या माणसाने आधी आजी-आजोबांची कॅनडातली नोंद शोधावी.

आणि यांना मूल झाले तर? अमेरिकेच्या मोजणीत त्याचा रक्तांश पंचवीस टक्के, म्हणून कलम २८९ त्याला नाही. मिनेसोटात जन्मले तर ते जन्माने अमेरिकन नागरिक. जानेवारी २०२५ चा जन्मसिद्ध नागरिकत्वाविरुद्धचा आदेशही आई कायमची रहिवासी असताना लागू होत नाही, तिची नोंद वेळेत करून घेण्याचे हे आणखी एक कारण. आई कॅनडात जन्मलेली, म्हणून ते कॅनडाचेही नागरिक. आणि ओटावाच्या नोंदवहीत त्याला कलम ६(२) खाली जागा आहे. तो अर्ज जन्मदाखला हाती येताच करावा, पणजीचे १९६२ चे कागद त्याच फाइलमध्ये तयारच असतील.